बाग कुणाची? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची गोष्ट

आज एका बागेचा इतिहास सांगायचा आहे. बाग आपल्या तालुक्यातली नाही, देशातलीही नाही. ती आहे अमेरिकेत, न्यूयॉर्क शहराच्या मधोमध. तिचं नाव सेंट्रल पार्क. घरातल्या मुलींना विचारलंत तर त्या म्हणतील, अगं आई, ती तर सिनेमात कितीदा दिसते. उंच उंच इमारतींच्या गराड्यात एक मोठं हिरवं चौकोनी शेत असावं, तशी ती वरून दिसते. ८४३ एकर. चार किलोमीटर लांब आणि पाऊण किलोमीटरहून थोडी जास्त रुंद.

एवढ्या लांबची बाग कशाला, असं कुणी म्हणेल. सांगते. हल्ली आपल्याकडे गावोगाव बागा होताहेत. तलावाच्या काठाला, शाळेमागच्या पडीक जागेत, गायरानाच्या एखाद्या तुकड्यावर. फलक लागतो, पेव्हर ब्लॉक बसतात, दोन झोके, चार बाक. बाग झाली म्हणून आपणही खूश. पण त्या जागेवर आधी कोण जनावरं चारत होतं, सरपण कोण वेचत होतं, आराखडा कुणी काढला आणि कुणाला दाखवला, हे विचारायचं राहून जातं. सेंट्रल पार्कच्या बाबतीत हे सगळे प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी आले, आणि त्यांचे कागद अजून शिल्लक आहेत.

थोडं मागून सुरुवात करते. पूर्वी बाग म्हणजे राजाची, नाहीतर सरदाराची. युरोपातही तसंच. मालकाच्या मर्जीने कधी लोकांना आत सोडलं तर सोडलं. लोकांच्या पैशातून, लोकांसाठी बाग करायची, ही कल्पना त्या मानाने नवी. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या समोर, नदीपलीकडे बर्कनहेड नावाचं गाव आहे. तिथे १८४७ च्या एप्रिलमध्ये अशी बाग उघडली. जमीन घेतली २२६ एकर, त्यातली १२५ एकर बागेला ठेवली आणि बाकीच्या जमिनीचे घरांसाठी प्लॉट पाडून विकले. बागेचा खर्च त्यातून काढायचा, असा हिशोब. आराखडा केला जोसेफ पॅक्स्टन यांनी. हे शेतकऱ्याघरचे, माळीकाम करत करत वर आलेले. जागा होती चिखलाची, पाणथळ. त्यांनी तळी खोदली आणि निघालेली माती बाहेर न नेता तिथेच तिच्या टेकड्या केल्या. शेततळं खोदताना निघालेल्या मातीचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला माहीत आहे. पॅक्स्टन यांनी त्या मातीचाच उपयोग करून तळं असं झाकलं, की एका जागी उभं राहून ते सगळं दिसत नाही. पुढे काय आहे म्हणून माणूस चालत राहतो.

१८५० मध्ये एक अमेरिकन तरुण इंग्लंड बघायला आला. फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड त्याचं नाव. तोही शेती करणारा, न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावर त्याचं शेत होतं. बर्कनहेडला तो एका बेकरीत गेला, तेव्हा बेकरीवाल्याने त्याला आग्रह केला की आमची नवी बाग बघितल्याशिवाय जाऊ नका. तो गेला. बाग तर त्याला आवडलीच, पण खरं नवल त्याला वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. तिथे साधी माणसंही श्रीमंतांइतक्याच हक्काने फिरत होती. हे त्याने पुढे आपल्या प्रवासाच्या पुस्तकात लिहून ठेवलं. आपल्या लोकशाही म्हणवणाऱ्या देशात अशी एकही बाग नाही, ही बोच त्याला लागली.

तेव्हाचं न्यूयॉर्क म्हणजे पाच लाखांवर वस्तीचं, दाटीवाटीचं शहर. पटकीच्या साथी येत. मोकळी हवा घ्यायला लोक कुठे जायचे माहीत आहे का? स्मशानात. शहराबाहेर झाडी लावून केलेल्या नव्या दफनभूमी होत्या, तिथे बायकामुलं घेऊन, डबे बांधून लोक सुट्टी घालवायला जात. मग शहरातले कवी, वर्तमानपत्रवाले, व्यापारी म्हणू लागले की आपल्याला एक मोठी बाग हवी. या मागणीत लोकांचं आरोग्य होतं, आणि लंडन-पॅरिसच्या तोडीचं दिसायची हौसही होती. बागेशेजारच्या जमिनींचे भाव वाढतील, हेही काहींच्या डोक्यात होतंच. १८५३ मध्ये राज्याने कायदा करून शहराच्या मध्यावरची जमीन बागेसाठी संपादित करायचं ठरवलं.

ती जमीन रिकामी नव्हती, बायांनो.

तिथे सगळे मिळून सुमारे १,६०० लोक राहत होते. कुणी भाजीपाला पिकवत, कुणी डुकरं पाळत. आणि पश्चिमेच्या बाजूला एक गावच होतं, सेनेका व्हिलेज. १८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स नावाच्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने तिथे १२५ डॉलरला तीन प्लॉट घेतले. त्याचा धंदा बूट पॉलिश करण्याचा. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी पूर्ण संपली ती १८२७ मध्ये, म्हणजे ही खरेदी त्याच्याही दोन वर्षं आधीची. त्याच्यामागून इतरांनी घेतले, एका चर्चने घेतले. तीस वर्षांत तिथे तीन चर्च झाली, शाळा झाली, दफनभूमी झाली. जवळ चांगल्या पाण्याचा झरा होता. १८५५ च्या शिरगणतीत तिथे सव्वादोनशेच्या आसपास लोक होते. त्यातले दोनतृतीयांश कृष्णवर्णीय, बाकीचे बहुतेक आयर्लंडमधून आलेले गरीब. जमीन स्वतःच्या नावावर असलेल्यांमध्ये बायकाही होत्या. एलिझाबेथ ग्लॉस्टर ही त्यातली एक, पुढे ती मोठी श्रीमंत व्यावसायिक झाली.

नावावर जमीन असण्याला तिथे आणखी एक अर्थ होता. त्या राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर त्याच्याकडे २५० डॉलरची मालमत्ता असली पाहिजे, असा नियम होता. गोऱ्या पुरुषांना ही अट नव्हती. बायकांना तर मत नव्हतंच, कुठल्याच रंगाच्या. म्हणजे सेनेका व्हिलेजमधला प्लॉट हा नुसता राहायचा आसरा नव्हता, तो मतदानाचा दाखला होता. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी ज्यांनी तलाठ्याच्या कार्यालयात खेटे घातले आहेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

पण वर्तमानपत्रांनी काय लिहिलं? झोपड्या आहेत, अतिक्रमण आहे, घाण आहे. अतिक्रमण म्हणावं तर लोकांकडे खरेदीखतं होती. तरी शब्द चिकटला तो चिकटला. जमिनीच्या मालकांना मोबदला मिळाला. अँड्र्यू विल्यम्सने ३,५०० डॉलर मागितले, त्याला २,३३५ मिळाले. काहींनी कोर्टात दाद मागितली. १८५७ पर्यंत सगळ्यांना उठवलं गेलं आणि गाव पांगलं. कोण कुठे गेलं, याचा माग आजही संशोधकांना नीट लागलेला नाही.

त्याच वर्षी बागेच्या आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली. ऑल्मस्टेड तेव्हा बागेच्या जागेवर देखरेखीच्या नोकरीला लागला होता. कॅल्व्हर्ट व्हॉक्स नावाचा इंग्लंडहून आलेला वास्तुरचनाकार त्याच्याकडे आला आणि म्हणाला, आपण दोघं मिळून आराखडा करू. कारण व्हॉक्सला चित्र काढता येत होतं आणि ऑल्मस्टेडला त्या जमिनीचा कोपरा न् कोपरा पायाखालचा होता. दिवसा नोकरी, रात्री आराखडा. मोठ्या कागदावर गवताचे बारीक ठिपके काढायला घरी येणाऱ्या मित्रांनाही बसवत, असं सांगतात. एकूण ३३ आराखडे आले, यांचा सगळ्यात शेवटचा. १८५८ च्या एप्रिलमध्ये तोच निवडला गेला. आज सगळीकडे ऑल्मस्टेडचं नाव घेतलं जातं आणि व्हॉक्स मागे राहतो. मला हे बरोबर वाटत नाही. ती बाग दोघांची आहे.

या दोघांनी पुढे स्वतःला लँडस्केप आर्किटेक्ट म्हणवून घेतलं आणि तो एक वेगळा पेशाच झाला. माळी झाडं लावतो, इंजिनिअर रस्ता करतो, गवंडी पूल बांधतो. पण पाणी कुठून येऊन कुठे जाईल, वळणावर माणसाला काय दिसेल, सावली कुठे पडेल, मुलं कुठे खेळतील आणि घोडे कुठून जातील, या सगळ्याचा मेळ आधीच बसवायचा, हे या पेशाचं काम. तुम्ही अंगण सारवताना उतार कुठे द्यायचा, तुळस कुठे, चूल कुठे, धुण्याचं पाणी कोणत्या झाडाला सोडायचं हे ठरवता, तेच ८४३ एकरांवर.

त्यांच्या आराखड्यातली एक युक्ती मला फार हुशारीची वाटते. स्पर्धेची अट होती की शहराची वाहतूक बागेतून आडवी जाण्यासाठी चार रस्ते हवेत. बाकीच्यांनी बहुतेक ते सरळ जमिनीवरून नेले. म्हणजे बागेचे पाच तुकडे. यांनी काय केलं, ते चारही रस्ते जमिनीत खोल घातले, बागेच्या पातळीपासून आठेक फूट खाली, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती आणि वरून झाडी. गाड्या खालून जातात आणि वर गवतावर चालणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मोटारी यायला अजून चाळीसएक वर्षं होती, तेव्हाचा हा विचार. आज तिथून मोटारी आणि बस जातात, आणि बाग मात्र सलग राहिली. आत फिरण्याच्या वाटाही त्यांनी वेगळ्या केल्या. बग्गीची वाट वेगळी, घोडेस्वाराची वेगळी, पायी चालणाऱ्याची वेगळी, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एक खालून, एक वरून, मध्ये छोटासा पूल. कडेवर मूल घेऊन चालणाऱ्या बाईला घोड्याच्या टापांची धास्ती नको.

दुसरी गोष्ट पाण्याची. मूळ जमीन म्हणजे उघडा कातळ आणि मध्ये मध्ये दलदल. आज तिथे जी तळी आहेत, ती सगळी माणसाने केलेली. सुरुंग लावून कातळ फोडला, शेजारच्या न्यू जर्सी राज्यातून माती आणली. जमिनीखाली मातीच्या नळ्यांचं जाळं घालून साचलेलं पाणी तळ्यांकडे वळवलं. चिबड जमिनीत चर काढून नळ्या घालतात, तेच तंत्र. ऑल्मस्टेडने ते शेतीत वापरलं होतं, म्हणून त्याला सुचलं. बागेत फिरणाऱ्याला वाटतं, वा, काय निसर्ग! पण तिथला कातळ सोडला तर निसर्गाने जसंच्या तसं ठेवलेलं फार थोडं आहे. बाकी सगळं माणसाच्या हातचं.

ते हात कुणाचे? १८५७ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली, कारखाने बंद पडले. बेकार माणसं मोर्चे काढून म्हणू लागली, भाकर द्या नाहीतर काम द्या. बागेचं काम त्यांना मिळालं. जवळपास २०,००० लोकांचे हात त्या बागेला लागले, असं धरतात. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, नाला बंडिंगला लोक गेले, त्याच जातीची ही गोष्ट. पण फरक मोठा आहे. आपल्या दुष्काळी कामांवर बायका हजारोंनी होत्या. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी जणींनी ती खडी फोडली आहे. सेंट्रल पार्कच्या कामावर बायकांना जागा नव्हती आणि कृष्णवर्णीय मजुरांनाही नव्हती. ज्यांचं गाव त्या जमिनीवरून उठवलं, त्यांना तिथे मजुरीही मिळाली नाही.

बाग हळूहळू उघडत गेली. १८५८ च्या डिसेंबरात तळं गोठलं आणि लोक त्यावर घसरगुंडी खेळायला लोटले. बायकांसाठी तळ्याचा एक वेगळा फाटा राखला होता, त्याला लेडीज पाँड म्हणत. पण बायकांना मोठ्या तळ्यावर सगळ्यांबरोबर खेळणंच जास्त आवडलं आणि काही वर्षांनी ती वेगळी जागा आपोआप बंद झाली.

मात्र बर्कनहेडला ऑल्मस्टेडने जे पाहिलं होतं, ते न्यूयॉर्कात लगेच झालं नाही. बाग गरीब वस्तीपासून लांब. घोड्यांच्या ट्रामचं भाडं परवडायला हवं, आणि सुट्टी फक्त रविवारची. पहिल्या काही वर्षांत येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्या बग्गीतून येत, आणि शहरात बग्गी बाळगणारे शंभरात पाचसुद्धा नव्हते. वर नियम. गवतावर चालू नका. घोळक्याने येऊन जेवणावळी करू नका. मुलांना चेंडू खेळायचा तर शाळेतून चांगल्या वागणुकीचा दाखला आणा! ऑल्मस्टेडला मनापासून वाटे की शांत, सुंदर जागेत माणूस आपोआप शहाणा होतो, म्हणून दंगा नको. हेतू वाईट नव्हता. पण आठवडाभर कारखान्यात राबलेल्या पोराला रविवारी पळायचं असतं, झाडाकडे बघत बसायचं नसतं, हे त्याच्या आराखड्यात नीट बसत नव्हतं. पुढची कित्येक वर्षं लोकांनी भांडून भांडून एकेक नियम सैल करून घेतला.

तरी आराखड्यात आयांचा विचार अजिबात नव्हता असं नाही. बागेचं दक्षिण टोक वस्तीला जवळचं, म्हणून मुलांची जागा तिथे ठेवली, म्हणजे लहान मुलं घेऊन आलेल्या बाईला लांब चालायला नको. तिथे १८७० मध्ये एक दूधघर बांधलं. त्याच्यामागचं कारण तुम्ही गाई-म्हशी पाळणाऱ्या बायकांनी ऐकण्यासारखं आहे. त्या काळी न्यूयॉर्कात दारूभट्ट्यांना लागून गोठे असत. गाईंना दिवसरात्र भट्टीचा गरम चोथा घालत. गाई दावणीलाच सडत, दूध निळसर पाणचट निघे, मग ते दाट दिसावं म्हणून त्यात खडू, पीठ कालवत. ते दूध पिऊन तान्ही मुलं हजारोंनी दगावली. १८५८ मध्ये एका साप्ताहिकाने चित्रांसकट हे उघडं पाडलं, तेव्हा शहर हादरलं. म्हणून बागेत शुद्ध, ताजं दूध.

शुद्ध पाण्याचीही एक खूण बागेत आहे. १८३२ च्या पटकीत न्यूयॉर्कात खूप माणसं गेली. मग दूरच्या क्रोटन नदीचं पाणी पाटाने शहरात आणलं, ते पोचलं १८४२ मध्ये. त्या पाण्याची आठवण म्हणून बागेतल्या मोठ्या कारंज्यावर एका देवदूताची मूर्ती बसवली. तिच्या हातात कमळासारखं लिलीचं फूल आहे, ते शुद्धतेचं. १८७३ मध्ये ती उभी राहिली. ती घडवणारी शिल्पकार एमा स्टेबिन्स ही बाई होती. शहराने इतकं मोठं सार्वजनिक शिल्पाचं काम एका बाईला देण्याची ही पहिलीच वेळ. आज सेंट्रल पार्क म्हटलं की लोक त्याच मूर्तीसमोर फोटो काढतात.

आता मेंढरांची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. स्पर्धेच्या अटींत सैनिकी कवायतीचं मैदान होतं. ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स यांना ते मनातून नको होतं. त्यांनी तिथे नुसतं मोठं कुरण ठेवलं आणि १८६४ मध्ये त्यावर मेंढरं सोडली. मेंढरं चरली की गवत आपोआप कापलं जातं, लेंडीखतही मिळतं. रात्री त्यांना ठेवायला १८७० मध्ये मेंढवाडा बांधला, चांगला विटांचा, झोकात. शहराच्या मधोमध मेंढपाळ रोज कळप घेऊन जायचा, सत्तर वर्षं. १९३४ मध्ये रॉबर्ट मोझेस नावाचे अधिकारी शहरातल्या सगळ्या बागांचे प्रमुख झाले. त्यांनी मेंढरं दुसरीकडे हलवली आणि मेंढवाड्याचं केलं हॉटेल, महागडं. मोझेस यांचं श्रेय नाकारायचं नाही. मुलांसाठी बागेच्या कडेकडेने वीसएक क्रीडांगणं त्यांनीच केली. पण ठरवायचं त्यांनी आणि ऐकायचं लोकांनी, हा खाक्या.

१९५६ चा एप्रिल. त्या हॉटेलाजवळ झाडांची एक लहानशी जागा होती, अर्ध्या एकराची. आजूबाजूच्या आया रोज मुलांना तिथे आणत. एक दिवस काही माणसं मोजमाप घेत होती आणि दुपारी जेवायला गेली. जाताना नकाशा तिथेच राहिला. एका आईने तो उचलून पाहिला. त्यावर लिहिलं होतं, मोटारी उभ्या करण्याच्या जागेचा नकाशा. हॉटेलात येणाऱ्यांच्या ८० मोटारींसाठी ती झाडं जाणार होती. कुणाला विचारलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं.

आयांनी सह्या गोळा केल्या, अर्ज दिले. उपयोग झाला नाही. बुलडोझर आला तेव्हा त्या बाबागाड्या घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्या दिवशी तो मागे फिरला. मग २४ एप्रिलच्या अंधारात, लोक झोपेत असताना, पोलीस बंदोबस्तात तिथे कुंपण घातलं आणि उजाडल्यावर झाडं पाडायला सुरुवात केली. आया कुंपणाबाहेर रडत उभ्या. तो फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला, आणि इतकी वर्षं ज्यांच्याविरुद्ध कुणी ब्र काढत नव्हतं त्या मोझेस यांच्यावर गावभर टीका सुरू झाली. आयांनी कोर्टात दावा लावला, कोर्टाने काम थांबवलं. जुलैमध्ये मोझेस यांनी माघार घेतली आणि तिथे मोटारतळाऐवजी मुलांना खेळायची जागा झाली.

ही गोष्ट ऐकायला फार छान वाटते. पण तिच्या शेजारी दुसरी ठेवते. त्याच्या तीन-चार वर्षं आधी, त्याच शहरात, ब्राँक्स भागात याच मोझेस यांनी मोठा रस्ता काढला. त्यात एका मैलाच्या टप्प्यात सुमारे दीड हजार कुटुंबांची घरं जात होती. तिथेही गृहिणीच पुढे झाल्या, सभा घेतल्या, रस्ता थोडा बाजूने नेता येईल असा पर्यायी नकाशाही मांडला. त्या हरल्या. घरं पडली. फरक कशाचा? सेंट्रल पार्कजवळच्या बायका शिकलेल्या, ऐपतीच्या. त्यांच्या ओळखीत वकील होते, लेखक होते, वर्तमानपत्रवाले होते. ब्राँक्समधल्या बायकांकडे फक्त त्यांचं म्हणणं होतं. दोघींच्या हिमतीत मला काही कमी-जास्त दिसत नाही.

एक मात्र दोन्हीकडे सारखं आहे. काम सुरू होईपर्यंत नकाशा कुणी दाखवत नाही. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा महाराष्ट्रात नियम आहे. बऱ्याच ठिकाणी ती नुसती सह्यांवर उरकतात. पण गायरानावर, तळ्याकाठी काही होणार असेल तर त्याचा आराखडा तिथे मागता येतो. खाली चर आहे का, पाणी कुठे जाणार, रात्री दिवा कुठे, बाईमाणसाला स्वच्छतागृह कुठे, शेळ्या कुठे चरणार, हे सगळं कागदावर असतानाच बदलता येतं. सिमेंट ओतल्यावर नाही.

१९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या काठावर आली आणि बागेची पार दशा झाली. गवत गेलं, पूल ढासळले, भिंती रंगवून खराब केल्या. संध्याकाळनंतर बायका तिकडे फिरकायच्या नाहीत. १९७९ मध्ये एलिझाबेथ बार्लो रॉजर्स या बाईंकडे बागेचा कारभार आला आणि पुढच्या वर्षी त्यांनी लोकांच्या देणग्या घेऊन बाग सांभाळणारी संस्था उभी केली. आज बागेचा बराचसा खर्च त्या देणग्यांतून चालतो. बाग पुन्हा देखणी झाली. पण तिच्याभोवती श्रीमंत राहतात म्हणून हे जमलं. गरीब वस्तीतल्या लहान बागांना असे शेजारी कुठून मिळणार, असा प्रश्न तिथले लोक विचारतात, आणि तो रास्त आहे.

बागेत पुतळे पुष्कळ. कवी, सेनापती, संगीतकार, एक कुत्राही. पण खऱ्या, होऊन गेलेल्या बाईचा एकही पुतळा २०२० पर्यंत नव्हता. गोष्टीतली ॲलिस होती, देवदूत होती, पण इतिहासातली बाई नाही. २६ ऑगस्ट २०२० ला तिघींचा मिळून एक पुतळा बसला. सोजर्नर ट्रूथ, सुझन अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन. तिघीही बायकांच्या हक्कांसाठी झगडलेल्या. सोजर्नर ट्रूथ गुलामगिरीत जन्मलेली, आणि गुलामगिरीतून सुटल्यावर तीही न्यूयॉर्कात राहिलेली. पुतळ्यात तिघी एका मेजाभोवती काम करताना दिसतात, आपल्या गटाची बैठक असावी तशा.

आणि सेनेका व्हिलेज? ते नाव शंभरावर वर्षं जवळजवळ विसरलं गेलं होतं. १९९२ मध्ये दोन इतिहासकारांनी बागेचा लोकांच्या बाजूने इतिहास लिहिला, तेव्हा ते पुन्हा वर आलं. २०११ च्या उन्हाळ्यात पुरातत्त्व शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे खोदकाम केलं. विल्यम विल्सन नावाच्या चर्चच्या सेवकाच्या घराचा दगडी पाया सापडला. नवरा, बायको आणि आठ मुलं, असं ते घर होतं. जिथे वर्तमानपत्रांना नुसत्या घाणेरड्या झोपड्या दिसल्या होत्या, तिथल्या मातीतून चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले, हाडाचा दातांचा ब्रश निघाला, लोखंडी किटली निघाली, ओव्हनमध्ये ठेवायचं भाजणीचं भांडं निघालं, आणि एका लहान मुलाचा चामड्याचा बूट.

२०१९ पासून त्या जागेवर माहितीचे फलक आहेत. चर्च कुठे होतं, झरा कुठे होता, अँड्र्यू विल्यम्सचं घर कुठे होतं, ते वाचत वाचत चालता येतं. त्याच बाजूला मुलांचं एक क्रीडांगण आहे, आणि फलकांपर्यंत त्यांच्या खेळण्याचा आवाज येतो.